सत्कार नको, कोपरा द्या

सातपूरच्या कारखान्याच्या फाटकावर सकाळी एक पत्रक चिकटलं आणि पहिल्या पाळीला निघालेली माणसं ते वाचायला थांबली. ‘व्यावसायिक गटाच्या कबड्डी स्पर्धेत, अंतिम सामन्याआधी, आमचे ज्येष्ठ खेळाडू श्री. गोटीराम भडांगे यांचा शाल-श्रीफळ देऊन जाहीर सत्कार.’ खाली कार्यकारिणीची नावं ओळीने. सगळ्यांचं वाचून झाल्यावर ते वाचलं खुद्द गोटीरामने. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

कबड्डीवाल्यांत सत्काराचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. एकदा खांद्यावर शाल पडली की माणसाने पाहुण्यांशेजारच्या खुर्चीत बसायचं. शाल घेतलेला खेळाडू पुन्हा हाफपँट चढवून मैदानात उतरल्याचं नाशकात कुणी पाहिलं नव्हतं. संघातून काढायचं आणि माणसाला वाईटही वाटू द्यायचं नाही, यासाठीच ती रीत होती.

घरी पोचला तर सिंधूबाईने दारातच विचारलं, “नळावर बाया माझं अभिनंदन करतायत. काय झालंय काय?”

“मला म्हातारा ठरवलाय.”

“मग बरंच की! शाल घ्या, बसा पांघरून. गुडघा तर रोज रात्री मलाच शेकावा लागतोय.”

“मी काय पारावरचा देव हाय का, शाल पांघरून बसायला?” तो म्हणाला आणि न जेवताच बाहेर पडला.

गोटीराम मूळचा इगतपुरीकडचा. भाताच्या खाचरात, पोटरीभर चिखलात तो कबड्डी शिकला. चिखलात पळणाऱ्याचा घोटा एकदा हातात आला की सोडायचा नाही, एवढंच शिक्षण. एकाहत्तर साली तालुक्याच्या सामन्यात कारखान्याच्या माणसांनी त्याला हेरलं आणि खेळाडू म्हणून पॅकिंग खात्यात नोकरी दिली. तेव्हापासून संघाचा डावा कोपरा त्याचा. आता त्र्याऐंशी साल उजाडलं होतं. केस कानांवर पिकले होते, उजवा गुडघा जिना उतरताना वाजायचा. अंतिम सामना या वर्षी नाशकातच, गोल्फ क्लबच्या मैदानावर होता. तो सामना खेळायचा, एवढीच त्याची इच्छा होती.

फाटकासमोरच्या भिकनच्या चहाच्या गाडीवर तोच वाद पेटलेला होता. संघाचा कर्णधार वाल्मीक ग्लास हातात घेऊन बोलत होता. वाल्मीक चढाईतला हुकमी माणूस. त्याला कबड्डीचा पहिला धडा गोटीरामनेच दिलेला.

“हे बघा, दादांबद्दल मला आदर आहे. पण या मोसमात त्यांच्या पकडी किती? दोन की तीन. उजव्या कोपऱ्यातला गोरक्ष बघा, दर सामन्यात चढाईवाले लोळवतोय. खेळाडूची किंमत पकडीवरून करायची की जुन्या ओळखीवरून?”

“ए, शहाणा!” भिकन गाळणी आपटत म्हणाला. तो सटाण्याकडचा. “चौऱ्याहत्तरची फायनल तू पाहिली नाय. मुंबईचा तो पैलवान घोट्याला धरून असा उचलला, असा! गोटीभाऊ म्हंजे गोटीभाऊ शे!”

“मागच्या वेळी फक्त धरला होता, भिकनभाऊ. आज उचलला. पुढच्या वर्षी मुंबईला फेकून देशील,” वाल्मीक म्हणाला.

सगळे हसले. गोटीराम मागे उभा होता. त्याला वाल्मीकचा राग आला नाही. राग आला तो भिकनचा. ज्याला तो संपला असं वाटत होतं तोही, आणि ज्याला तो थोर वाटत होता तोही, त्याच्याबद्दल ‘होता’ असंच बोलत होते.

“चौऱ्याहत्तर सालाला कशाला खेळवता?” तो पुढे येत म्हणाला. “मी इथं उभा हाय ना. मला बघा अन् ठरवा.”

तो तसाच संघाचे व्यवस्थापक रंगनाथ कुलथे यांच्याकडे गेला. “साहेब, सत्कार नको, कोपरा द्या.” कुलथे मनाने वाईट नव्हते. त्यांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि पत्रकं वाटून झाल्याचं सांगितलं. उपांत्य सामन्यात डाव्या कोपऱ्यावर धोंडीराम नावाचा नवा मुलगा उतरणार होता. गोटीराम राखीव.

उपांत्य सामना मालेगावच्या संघाशी होता. गोटीराम बाकावर टॉवेल घेऊन बसला. धोंडीराम चपळ होता, जोर करत होता. पण मालेगावचे चढाईवाले मध्यरेषा ओलांडली की थेट त्याच्याच बाजूला वळत. तो झेप घेई, पाय निसटे, गुण जाई. मध्यंतराला सगळा संघ एकदा बाद होऊन लोण अंगावर बसलेलं आणि संघ नऊ गुणांनी मागे.

वाल्मीक गोरक्षवर भडकला. “तुझे हात आज घरी राहिलेत का? एक पकड नाही!”

“कुणाला पकडू? माझ्याकडे कुणी येतच नाय,” गोरक्ष कळवळून म्हणाला. “सगळे तिकडेच चरतायत. रोज कसे माझ्याच अंगावर यायचे!”

वाल्मीक पाणी पिता पिता थांबला. रोज ते गोरक्षच्या अंगावर का यायचे? डावीकडे गोटीराम उभा असायचा म्हणून. गोटीरामच्या हाती कुणी लागत नव्हतं, कारण त्याच्या हाताच्या टप्प्यात जायलाच कुणी तयार नव्हतं. मोसमभर गोरक्षच्या नावावर लागलेल्या पकडी निम्म्या तरी या बाकावरच्या माणसाच्या होत्या. वाल्मीकने तोंड पुसलं आणि सरळ बाकापाशी आला.

“दादा, टॉवेल ठेवा खाली. उतरा.”

“कुलथे साहेब?”

“त्यांना मी सांगतो. कर्णधार मी आहे.”

दुसऱ्या डावात गोटीराम डाव्या कोपऱ्यात जाऊन नुसता उभा राहिला, किंचित वाकून, हात पसरून. मालेगावचा चढाईवाला आला, त्याने डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि उजव्या कोपऱ्याकडे वळला. गोरक्षने त्याला तिथेच बसवलं. पुढचाही तसाच गेला. सामना संपला तेव्हा गोटीरामने एकालाही हात लावला नव्हता आणि संघ दोन गुणांनी जिंकला होता. लोक गोरक्षला खांद्यावर घेऊन नाचले. वाल्मीक मात्र गोटीरामचा हात धरून उभा होता.

अंतिम सामन्याला ती शाल आली, नारळ आला, पाहुणे आले. सत्कारमूर्ती अंगात बनियन घालून मैदानात दंड झटकत होते. कुलथ्यांनी क्षणभर डोकं खाजवलं आणि ती शाल प्रमुख पाहुण्यांच्याच खांद्यावर घातली. पाहुण्यांनाही गहिवरून आलं.

समोर मुंबईच्या एका बँकेचा संघ होता. त्यांच्यात विशीतला एक लांब तंगड्यांचा चढाईवाला होता. त्याने गोटीरामचं नावही ऐकलेलं नव्हतं. त्याच्या प्रशिक्षकाने आधीच सांगून ठेवलं होतं, “डाव्या कोपऱ्यातला म्हातारा लंगडतोय. तिकडेच जा.” तो तिकडेच आला. पहिल्याच चढाईत त्याने गोटीरामच्या पोटरीला पंजा लावला आणि परत गेला. गोटीराम बाद. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “शाल आणा रे!”

गोटीरामच्या कानशिलाला आग लागली. इथे त्याच्या नावाला कुणी भीत नव्हतं. आता होते फक्त दोन हात आणि एक धड गुडघा. पुन्हा मैदानात आल्यावर तो पोराचे पाय बघत राहिला. प्रत्येक वेळी पोरगा डावा पाय पुढे टाकी, आणि परत फिरताना उजवी टाच क्षणभर जमिनीवर रेंगाळे.

शेवटच्या मिनिटाला दोन्ही संघ बरोबरीत. शेवटची चढाई त्या पोराची. तो दम घुमवत आला, सरळ डाव्या कोपऱ्याकडे. गोटीराम मागे सरकला, आणखी मागे, अगदी रेषेपर्यंत. म्हातारा घाबरला, असं पोराला वाटलं. त्याने पंजा लांबवला, तो हवेतच गेला आणि पोरगा परत फिरला. टाच जमिनीवर रेंगाळली.

गोटीराम दुखऱ्या गुडघ्यावर आपटला आणि घोटा दोन्ही हातांत आला. पोराने लाथ झाडली, अंग फिरवलं, मध्यरेषेकडे हात ताणला. गोटीराम मातीतून फरफटत गेला, पण बोटं सुटली नाहीत. तेवढ्यात वाल्मीक कमरेवर पडला, त्याच्यावर गोरक्ष. दम तुटला. पंचांची शिट्टी वाजली.

मैदानात माणसं घुसली. भिकन तर चहाची किटली घेऊनच नाचत होता. “पुढच्या वर्षीही डावा कोपरा यांचाच!” वाल्मीक कुलथ्यांच्या कानाशी ओरडला, आणि कुलथे टाळ्या वाजवता वाजवता जोरजोरात मान हलवत होते.

गोटीरामने मातीत बसलेल्या त्या पोराला हात देऊन उठवलं. त्याच्या पाठीवरची माती झटकली. गुडघ्यातून रक्त येत होतं आणि तो लहान मुलासारखा हसत होता.

“चांगला खेळतोस. पुढच्या वर्षी ये परत.”

पोराने घोटा चोळत त्याच्याकडे पाहिलं. “येईन की काका,” तो म्हणाला, “पण तुमच्या बाजूला नाही.”