क्रमांक तीनचे रक्तदाते

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी प्रोग्रामिंग शिकू लागले. संगणकाशी बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहावे लागत नाही, हे त्याचे खरे कारण. नांदेडच्या महाविद्यालयात अठ्ठावीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले, तरी प्रत्येक तासाआधी माझे तळहात ओले होत असत. स्वेच्छानिवृत्तीनंतर हा नवा विषय घेतला, तो कोणाला न सांगता, चोरून करावा तसा.

माझे माहेर लातूरचे. तिथे चष्म्याचे दुकान चालवणारे एक गृहस्थ रक्तदात्यांचा गट सांभाळत. माझा चष्माही त्यांच्याच दुकानातला. सारी नावे त्यांच्याकडे चार जाड वह्यांमध्ये होती. ही यादी संगणकावर करून देऊ का, असे मी एकदा चाचरत विचारले.

"करा की मॅडम," ते म्हणाले. "पण वह्या मी रद्दीत घालणार न्हाई. तुमच्या मशीनला ताप आला तर?"

प्रत्येक दात्याची एक अवस्था मी ठरवली: नवीन, विश्रांतीत, उपलब्ध, मयत. नुकतेच रक्त दिलेला तो विश्रांतीत. बोलावता येईल तो उपलब्ध; गरज पडली की प्रोग्राम अशांनाच संदेश धाडी. आपल्याला हे शब्द दिसतात, पण संगणक साठवून ठेवतो तो केवळ क्रम. पहिल्याला शून्य, मग एक, दोन, तीन. आकड्यावरून शब्द सांगणारा, शब्दावरून आकडा काढणारा, आकडा वैध आहे की नाही हे तपासणारा साहाय्यक कोड प्रत्येक यादीसाठी लिहावा लागतो. ते काम कंटाळवाणे असते, म्हणून ते करणारे एक छोटे साधन मिळते. त्याला यादी दाखवायची, की क्षणात सगळा कोड तयार. वर एक ओळही येते: हा मजकूर यंत्राने तयार केला आहे, हाताने बदलू नये. ती ओळ मला फार धीराची वाटे. जिथे माझा हात लागणार नाही, तिथे माझी चूकही होणार नाही, असे मी समजून चालले होते.

वर्षभराने चष्मेवाल्यांनी आणखी एक अवस्था मागितली. कोणाला कावीळ होते, कोणाचे रक्त कमी भरते, त्यांच्यासाठी 'तात्पुरता अपात्र'. हा शब्द यादीच्या शेवटी, मयतनंतर लिहिणे माझ्या शिस्तीला पटेना. अपात्र, मग विश्रांतीत, मग उपलब्ध, आणि सर्वांत शेवटी मयत, हाच तर्काला धरून असलेला क्रम. मी नवा शब्द 'नवीन'च्या खाली बसवला, साहाय्यक कोड पुन्हा तयार करून घेतला आणि समाधानाने चहा केला.

त्यामुळे खालच्या प्रत्येक शब्दाचा आकडा एकाने पुढे सरकला. पण दात्यांच्या नोंदींत जुनेच आकडे होते. जे दोन होते, म्हणजे उपलब्ध, ते सारे विश्रांतीत गेले. जे तीन होते, म्हणजे मयत, ते उपलब्ध झाले. संगणकाने तक्रार केली नाही. तीन हा आकडा वैधच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी लातूरच्या एका रुग्णालयात बाळंतिणीला ओ निगेटिव्ह रक्ताची गरज पडली. प्रोग्रामने तिघांना संदेश धाडले: आपण उपलब्ध आहात, येऊ शकत असाल तर एक हा आकडा पाठवा. दोन क्रमांक बंद होते. तिसऱ्यावरून, निलंग्याहून, एक हा आकडा आला.

दाता निघाला आहे, असे प्रोग्रामनेच रुग्णालयाला कळवले. पाऊण तासाने दाता कुठवर आला हे विचारायला म्हणून चष्मेवाल्यांनी पडद्यावरचे नाव वाचले, आणि दात्याऐवजी मला फोन केला.

"मॅडम, बसल्यात ना?"

"हो."

"ह्या पोराच्या मातीला मी स्वतः गेलतो. चार वर्षं झाली. तुमचं मशीन कोणाला बोलावून राहिलंय?"

वह्या उघडून त्यांनी दुसरा दाता शोधला. तो वेळेत पोहोचला, बाळंतीण वाचली. मी प्रत्येक अवस्थेला तिचा आकडा स्वतः लिहून कायमचा बांधून टाकला, नवा शब्द शेवटी नेला आणि कोड पुन्हा तयार केला. जेमतेम पाच मिनिटे लागली. मात्र त्या दुपारी मी जिवंतांपैकी कोणालाही हाक मारली नव्हती, हे मनातून जाईना. जेवताना, कपडे वाळत घालताना, ते तिघे त्या सरकलेल्या रांगेत उभे दिसत. आणि त्यांतल्या एकाने येतो म्हणून कळवले होते.

आठवड्याने मी एसटीने निलंग्याला गेले. दार त्याच्या आईने उघडले. माझ्याच वयाच्या बाई. फळीवर एक फोन चार्जिंगला लावलेला होता. मी कोण, कशाला आले, हे सांगायला मला बराच वेळ लागला.

"माफी मागाया एवढ्या लांब आलात व्हय बाई? फोन करायचा की."

"फोनवर मला नीट बोलता येत नाही."

"मग हितं तरी कुठं बोलून राहिल्यात?" त्या हसल्या आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

मी आकडे कसे सरकले ते सांगितले.

"त्याच्या फोनवर म्या दाबलं एक," त्या म्हणाल्या. "मेसेज आला की त्यो पायात चप्पल घालायचा. कधी न्हाई म्हनला न्हाई. मग म्या कसं न्हाई म्हनू?" त्यांनी विचारले, "त्या लोकांनी वाट बघितली का?"

नाही म्हणावे, असे फार वाटले. "पाऊण तास," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटून घेतले. "मिळालं का मग रगत?"

"मिळालं. दुसरे एक आले. ती बाई आणि बाळ दोघंही बरी आहेत."

"बरं झालं. माझ्या एका बोटानं जीव गेला असता कुणाचा." पदराने तोंड पुसून त्यांनी विचारले, "आन् आता तुमच्या मशीनमंदी त्यो काय म्हनून हाय?"

तो शब्द मीच टंकला होता. पण आकड्यावरून शब्द सांगण्याचे काम नेहमी तो तयार झालेला कोडच करी. मला तो कधी मोठ्याने उच्चारावा लागला नव्हता.

"मयत," मी म्हणाले.

"गावात कुनी असं तोंडावर म्हनत न्हाई," त्या म्हणाल्या. "समदे म्हनतेत, त्यो असताना. त्यो असताना असं व्हतं, त्यो असताना तसं व्हतं. मला बी वाटतं, असंल कुठंतरी. म्हनूनच बोट गेलं तिकडं." त्या माझ्या समोर येऊन बसल्या. "नाव घेऊन म्हना."

मी मान वर केली, त्यांच्याकडे पाहिले, त्यांच्या मुलाचे पूर्ण नाव घेतले आणि त्यापुढे तो शब्द उच्चारला. त्यांनी मान डोलावली. नंतर कितीतरी वेळ आम्ही दोघीही फळीवरच्या फोनकडे पाहत राहिलो, जणू याचे उत्तर अजून तिकडूनच यायचे होते.