मावशीचा अंगठा आणि माझी पहिली लेन्स

अन्याय झाला तो माझ्या मावशीवर. सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, कोल्हापूरजवळच्या हुपरीतल्या एका रेशन दुकानाच्या पायरीवर. वेळ नेमकी सांगते, कारण मी शेजारीच उभी होते आणि मोर्च्यांची पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला घड्याळ बघायची सवय लागते. मशीननं तिचा अंगठा चार वेळा नाकारला. उजवा, डावा, पदराला पुसून, मग थुंकी लावून. दुकानदार म्हणाला, "मावशी, मशीन म्हणतंय तुम्ही तुम्ही न्हाय." रांगेत कुणीतरी हसलं. मावशीनं रिकाम्या पिशवीची घडी घातली, काखेत मारली आणि पायरी उतरली.

मावशी चाळीस वर्षं घरच्या सोप्यात बसून चांदीच्या पैंजणाच्या कड्या जोडते. आग, तेजाब, वर घासकाम. त्यात बोटांवरच्या रेषा गेल्या. पैंजण कुणाच्याही पायात ओळखू येतो, तो घडवणारा हात मात्र कुठल्या यंत्राला ओळखू येत नाही. हे वाक्य मी त्याच दिवशी पत्रकात आणि अंगठ्याशिवाय धान्य मिळावं म्हणून लिहिलेल्या अर्जात घातलं आणि स्वतःवर खूश झाले. तालुक्याच्या कचेरीतल्या क्लार्कनं ते वाचलंसुद्धा नाही.

"अंगठा नीट दाबला नसंल," तो म्हणाला.

"बघा की, समोरच बसलीय."

"मी बघून काय व्हतंय? सही वरच्या साहेबांची. आता ह्यांचा अंगठा काय फाईलला टाचू? फोटो जोडा. रेषा न्हाईत हे दिसलं पायजे."

मी तिथंच मोबाइलवर फोटो काढला, बाहेर जाऊन प्रिंट आणली. मोबाइल सगळ्यांची कातडी परस्पर गुळगुळीत करतो, नवरी असो नाहीतर मावशी. प्रिंटमध्ये एक उकडलेला बटाटा होता. क्लार्क म्हणाला, "ह्यो फोटोच झिजलाय." आणि अर्ज परत माझ्याकडं सरकवला.

म्हणून मी कॅमेरा घ्यायला निघाले. मोपेडसाठी ठेवलेले पैसे काढले.

कोल्हापुरात राजारामपुरीत जुने-नवे कॅमेरे विकणारं एक दुकान आहे. दुकानदाराचा चष्मा कायम कपाळावर. त्यानं पहिला प्रश्न अगदी बरोबर विचारला होता, हे आता कबूल करते.

"ताई, काय टिपणार?"

"सगळं."

"सगळं म्हंजे? लग्न, बारसं?"

"मोर्चे."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एक छोटा पांढरा कॅमेरा काचेवर ठेवला. "ह्यो न्या. पर्समध्ये बसतोय. लेडीजला हलका बरा."

माझं डोकं फिरलं. मागच्या कपाटात उसाच्या कांड्याएवढी लांब लेन्स होती. म्हटलं, "ती दाखवा."

"पेलंल का?"

संपलं. त्या दोन शब्दांवर मी ती लेन्स घेतली, तिला बसणारा एक वापरलेला कॅमेरा घेतला आणि ताठ मानेनं बाहेर पडले. तो मागून ओरडला, "जोतिबाला नेऊ नका! गुलाल आत गेला तर मी हात लावणार न्हाई!" बिंदू चौकातून चालत येताना काचांत स्वतःला बघत होते. गळ्यात एवढं थोरलं यंत्र, मोर्च्याच्या अगदी पुढं मी. त्या चित्रात मावशी कुठंच नव्हती.

दुसऱ्या दिवशी हुपरीला जाऊन तिच्यासमोर मांडी घातली आणि अंगठ्यावर लेन्स रोखली. लेन्स आत-बाहेर नुसती घुरघुरली, अंगठा काही धरेना. मग कळलं, ती दीड मीटरच्या अलीकडचं बघतच नाही. मी मागं सरकत उंबऱ्यावर गेले. आता अंगठा सापडला, पण नखाएवढा, आणि लेन्सच्या वजनानं हलून तोही फिसकटलेला.

"अगं, माझा काढतीस का शेजारणीचा?" मावशी म्हणाली.

ताठ मान घालवून पुन्हा दुकानात गेले. दुकानदारानं चष्मा डोळ्यांवर ओढला.

"सगळं टिपणारी लेन्स अजून कुणी काढली न्हाई, ताई. मी इचारलं, तुम्ही भांडलासा. आता तरी सांगा, काय टिपायचंय?"

"माझ्या मावशीचा अंगठा."

सगळी गोष्ट सांगितली. तो काउंटरखाली वाकला. मग खालच्या खणातून एक आखूड, जाडसर, कडा घासलेली लेन्स काढली. "मॅक्रो म्हंत्यात हिला. चार बोटांवरचंबी धरती. आधीचा मालक हुपरीच्या व्यापाऱ्यांसाठी पैंजणांचे फोटो काढायचा हिच्यावर, कॅटलॉगला."

म्हणजे या लेन्सनं वर्षानुवर्षं मावशीचं काम बघितलं होतं, हात सोडून. माझी लांब लेन्स त्यानं अदलाबदलीत घेतली. "पर्समध्ये बसतीया, चालंल का?" असा टोला हाणलाच.

"चालेल. पण ते 'लेडीज' पुन्हा म्हणू नका."

"व्हय व्हय. चुकलं."

तिसऱ्यांदा हुपरी. या खेपेला अंगठा जवळून धरला, फ्लॅश मारला. स्क्रीनवर पांढरा झगझगीत डाग. पुन्हा मारला, पुन्हा डाग. मावशीनं हातातली कडी खाली ठेवली.

"समोरनं उजेड मारलास की चांदी आंधळी हुतीया. आमी जोड कसा बघतो? आडव्या उजेडात. सर तिकडं."

ती उठली, खिडकीचं एक दार लोटलं, दुसरं अर्धवट ठेवलं आणि खिडकीला कूस देऊन बसली. जोडात भेग राहिली का हे बघताना कडी फिरवावी तसा अंगठा त्या तिरप्या उजेडात हळूहळू फिरवला. "थांब... थांब... हां, आता." मी बटण दाबलं.

दिसला. जिथं रेषा पाहिजेत तिथं घासलेली, ताणलेली कातडी. कडेला दोन-तीन तुटक्या रेषा, मधे भाजल्याचा जुना वण. मी ओरडलेच. मावशीनं मात्र स्क्रीनकडं बघून मान हलवली, माल परत करताना हलवते तशी.

"एकटा पैंजण बघून कुणाला कळतंय कमी-जास्त? जोडीला जोड लावून बघत्यात. तुझा अंगठा ठेव की शेजारी."

ठेवला. माझा नांगरलेल्या रानासारखा, तिचा गुळगुळीत. एकाच फोटोत.

क्लार्कनं प्रिंट हातात घेतली, खिडकीकडं धरली, मग स्वतःचा अंगठा उलटा करून बघितला.

"ह्यो दुसरा कुनाचा?"

"माझा. पत्रकं वाटणारीचा. अजून झिजायचाय."

तो पहिल्यांदा हसला. फोटो त्यानं स्वतः अर्जाला टाचला. साहेबांची सही व्हायला तीन हेलपाटे लागले, पण झाली. आता मावशीच्या मोबाइलवर आकडा येतो, तो सांगितला की धान्य मिळतं. रेशन दुकानदार तिला "या, बसा" म्हणतो. मागच्या रविवारी सोप्यात गल्लीतल्या अकरा बायका हात धुऊन ओळीनं बसल्या होत्या. उजेड मावशी लावत होती. माझं काम फक्त बटण दाबायचं. मोर्च्याचा फोटो मी अजून एकही काढलेला नाही.

आता तुमच्याकडं वळते. कॅमेरा घ्यायचा असेल तर दुकानात शिरायच्या आधी कुणाचं काय टिपायचं ते ठरवा. पण कॅमेरा येईपर्यंत वाट बघू नका, कुणाचा तरी मागून आणा. या महिन्यात तुमच्या रेशन दुकानावर जा आणि रिकामी पिशवी घेऊन कोण पायरी उतरतंय ते बघा. त्याला खिडकीपाशी बसवा, आडव्या उजेडात. त्याच्या अंगठ्याला लावून तुमचा अंगठा ठेवा, फोटो काढा आणि अर्जाला टाचून त्याच्यासोबत कचेरीत चला. अर्ज घेतल्याचा शिक्का मिळेपर्यंत तिथून हलू नका.