बंद पाठीची ब्लाउजं

लष्करात अधिकारी व्हायची एसएसबीची मुलाखत पास झाले, तरी मी कुणाला फोन केला नाही. मेडिकल बाकी होतं. तिथे लष्करातल्या डॉक्टरबाईंनी माझ्या डाव्या खांद्याच्या पात्याखालचा लांब व्रण पाहिला आणि विचारलं, हे कसलं? मी खरं ते सांगितलं. हृदयाजवळची एक नळी जन्मानंतर आपोआप बंद होते, माझी झाली नव्हती. चार वर्षांची असताना ऑपरेशन करून ती बंद केली. त्यांनी 'अनफिट' लिहिलं. अपील करता येतं, म्हणाल्या, पण ऑपरेशनचे जुने कागद आणावे लागतील.

सोलापूरला परतल्यावर आईकडे कागद मागितले. ती मेथी निवडत होती.

"नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"तुझी आत्या म्हणाली, पोरीची जात, असले कागद घरात ठेवू नकोस. उद्या स्थळं येतील. बंबात घातले."

राग आला की मला इंग्रजीच सुचतं. त्या दिवशी मी आत जाऊन कपाटातली माझी ब्लाउजं बाहेर काढली. शिंप्याला दर वेळी "पाठ वरपर्यंत बंद" असं का सांगितलं जायचं, शाळेच्या पोहण्याच्या तासाला मला कायम सर्दी का असायची, ते आत्ता कळत होतं. मला वाटायचं, आई जुन्या वळणाची आहे. कधी न आलेल्या स्थळासाठी माझे कागद जाळले होते, आणि त्या पाण्यानं घरातल्या कुणीतरी अंघोळही केली असणार.

ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलात इतकं जुनं रेकॉर्ड उरलं नव्हतं. अपिलाची मुदत संपत आली होती. शेवटी शहरातले एक हृदयाचे डॉक्टर म्हणाले, नव्याने इको करू, आईला घेऊन ये, तिच्याकडून सगळं ऐकून मी लिहून देतो.

दवाखान्यात नेमकी आत्याची बार्शीची शेजारीण बसली होती.

"वहिनी, तुमी हितं?"

"माझंच," आई म्हणाली. "छातीत जळजळतं. ही सोबत आलीय."

"जिऱ्याचं पाणी घ्या की. लई गुण येतो."

आईनं गंभीरपणे मान हलवली. तेवढ्यात माझं नाव पुकारलं, आणि आई उठली. माझ्या नावावर.

मी चारचौघांत बोलत नाही. पण तिचा पदर धरून तिला खाली बसवलं आणि त्या बाईंकडे बघत म्हटलं, "नाव माझं आहे. लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालंय, ते माझं."

"अगं बाई. कळूच दिलं न्हाय की," शेजारीण म्हणाली.

आत गेल्यावर आईनं डॉक्टरांना सगळं सांगितलं. कुठली औषधं, किती दिवस ताप, कधी टाके काढले. काही म्हणजे काही विसरली नव्हती. त्यामुळे मला जास्तच राग आला.

अपिलाच्या तपासणीत मी फिट ठरले. संध्याकाळी आत्याचा फोन आला. अभिनंदन केलं, मग आवाज खाली आणला.

"शेजारीण गल्लीभर सांगतीय गं. मी म्हटलं, तुझ्या ऐकण्यात चूक झाली, वहिनीचंच होतं. कुणी विचारलं तर तूपण तेच सांग."

"आत्या, दिवाळीला मी उघड्या पाठीचं ब्लाउज घालून येते," मी म्हटलं. "मग तुम्हाला काही सांगावं लागणार नाही."