आधी पाणी आणा

बाटलीवाले भाऊ पहिल्या खेपेला आलेल्या माणसाला मासा विकत नसत. तुम्ही कारमधून उतरा नाहीतर सायकलवरून, हातातलं काम न सोडता ते म्हणायचे, "आधी घरचं पाणी आणा. बाटलीत. मंग पाहू." त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं. नागपूरच्या मनीषनगरात नव्यानं राहायला आलेल्याला कुणी 'बाटलीवाल्या भाऊंकडे जा' असं सांगितलं, की तो आधी दचकायचा. प्रत्यक्षात भाऊ सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नसत.

मलाही त्यांनी असंच परत पाठवलं होतं. मला राग आला. मी म्हटलं, "भाऊ, मी बी.एस्सी. आहे. झूलॉजी घेऊन." हे मी त्या काळात कुठंही सांगायची, रेशनच्या दुकानातसुद्धा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. सांगायला लाज कशाची? अजूनही वाटत नाही. भाऊंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मंग तं चांगलंच झालं मॅडम. तुम्हाले जास्त सांगा नाही लागत. बाटली धुताना साबण लावू नका, बस."

मला मासे हवे होते ते मायसाठी. बाबा गेले, तेव्हा मी तिला कुहीजवळच्या आमच्या गावाहून नागपूरला घेऊन आले. धानाची शेती चुलतभावाला करायला दिली, घराला कुलूप लावलं. मी शाळेत विज्ञान शिकवते. सकाळी दहाला निघायचं ते संध्याकाळी पाचला परत. माय दिवसभर फ्लॅटमध्ये एकटी. ती बाल्कनीत बसून समोरच्या इमारतीची भिंत पाहायची. दर आठवड्याला एकदा तरी म्हणायची, "मले गावाले नेऊन दे वं." तिकडे बंद घरात ती एकटी कशी राहणार? शाळेतल्या एका मॅडमनी सुचवलं, घरात मासे ठेवा, माणसाचं मन रमतं.

दुसऱ्या खेपेला मी पाण्याची बाटली घेतली आणि मायलाही सोबत नेलं. भाऊंनी काचेच्या नळीत आमचं पाणी घेतलं, त्यात औषधाचे थेंब टाकले, रंग उजेडाकडे धरून पाहिला आणि एखाद्या स्थळाबद्दल सांगावं तसं सांगितलं, "बोरचं पाणी आहे, जड आहे. गप्पी, मोली नांदतील तुमच्या घरी. निऑन नाही नांदायचा. त्याले देत नाही मी." माय तोवर सगळ्या टाक्यांसमोरून फिरून आली होती. तिला पावसाळ्यात धानाच्या बांधीत चढणारे मासे माहीत. तिनं विचारलं, "हे एवढूसे मासे खाते कोण गा भाऊ?"

"कोणीच नाही खात माय. हेच आपल्याले खातेत."

"म्हणजे?"

"टाइम खातेत. सकाळी बसलं का दुपार होते."

माय हसली. नागपूरला आल्यापासून मी तिला पहिल्यांदा हसताना पाहत होते.

पुढं मी शहरातली बरीच दुकानं पाहिली, आणि तेव्हा मला भाऊंच्या दुकानाची किंमत कळली. वाईट दुकान दारातच ओळखू येतं. आत शिरलं की कुजका वास येतो, जिवंत माशांच्या खाली मेलेला पडलेला असतो, सगळ्या टाक्यांत एकच जाळी फिरते आणि एकीचा रोग दहांना लागतो. फायटर मासा चहाच्या ग्लासाएवढ्या भांड्यात ठेवलेला असतो. आणि दुकानदार तुम्ही बोट दाखवाल तो मासा पिशवीत भरून देतो, एक प्रश्न विचारत नाही. भाऊंच्या दुकानाला ओल्या मातीशिवाय वास नव्हता. प्रत्येक टाकीची जाळी वेगळी, तिच्याच कोपऱ्याला अडकवलेली. कोलकात्याहून रेल्वेनं नवा माल आला की पंधरा दिवस विकायचा नाही. टाकीच्या काचेवर खडूनं तारीख टाकलेली. कुणी हट्ट केला तर म्हणायचे, "आताच तं प्रवासातून आले. पाहुण्याले कोणी लगेच कामाले लावते का?" गोल भांडं ते ठेवतच नसत. सुईनं रंग टोचलेले मासे तर दुकानाच्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत.

फायटरच्या बरण्यांत ते बदामाच्या झाडाची वाळलेली पानं टाकायचे. पाणी चहासारखं पिवळं व्हायचं. त्यानं माशाची कातडी चांगली राहते म्हणायचे. आणि मे महिन्यात, नागपूरचं ऊन डांबर वितळवायला लागलं की दुपारभर अर्धं शटर ओढून ते आतच राहायचे. बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या एकेका टाकीत तरंगत ठेवायच्या, वितळल्या की बदलायच्या. मी म्हटलं, "भाऊ, जेवायला तरी घरी जात जा." ते म्हणाले, "मले उकडलं तं मी बाहेर जाऊन बसतो. हे कुठी जातीन?"

ते मूळचे नागपूरजवळच्या खाप्याचे. वडील कन्हान नदीत जाळं टाकायचे. भाऊ आठवीपर्यंत शिकले. वडील म्हणायचे म्हणे, "आमी जिंदगीभर मासा पाण्यातून काहाडला, हा परत पाण्यात घालणारा निंघाला." माझ्याकडून ते माशांची शास्त्रीय नावं विचारून घेत, पुठ्ठ्यावर देवनागरीत लिहून ठेवत. एकदा गप्पीचं नाव सांगितलं तर दोनदा म्हणून पाहिलं आणि हळूच म्हणाले, "माशाले नका सांगू मॅडम. बुजून जाईन."

टाकी घरी आली, पाणी भरलं, पाणी गाळायचं मशीन सुरू झालं आणि भाऊंनी मासे दिलेच नाहीत. तीन आठवडे नुसतं पाणी फिरू द्या म्हणाले. त्यांनी आपल्या दुकानातल्या जुन्या टाकीचा मळका स्पंज आणून आमच्या टाकीत पिळला. चांगलं पाणी गढूळ झालेलं पाहून मला कसंतरी झालं. माय मात्र लगेच म्हणाली, "विरजण होय का गा हे?"

"बरोबर बोलल्या माय. विरजणच. माशाची घाण खाणारे जीव आहेत याच्यात, डोळ्याले दिसत नाहीत. ते वाढले का पाणी पिकते. मंग मासा जगते."

नायट्रोजन चक्राची आकृती मी परीक्षेत काढली होती, बाण आणि रंगासकट. पण हा मळका स्पंज म्हणजे तीच आकृती, हे माझ्या डोक्यात त्या दिवशी शिरलं नाही. मायच्या शिरलं. तीन आठवडे ती रिकाम्या टाकीसमोर बसायची. शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय पाहता आजी?" तर म्हणाली, "पाणी पिकून राहिलं." मग आल्या सहा गप्पी आणि एक काळी मोली. मोलीशी ती गावाकडच्या म्हशीशी बोलायची तसं बोलायची. गावाला नेऊन दे म्हणणं हळूहळू बंद झालं.

आणि मग मी ते करून बसले, जे शिकलेलं माणूसच करू शकतं.

मासे सुचवणाऱ्या शाळेतल्या मॅडम घरी जेवायला येणार होत्या. टाकीची काच हिरवट दिसत होती. आदल्या दिवशी मी सगळं पाणी काढलं, दगड घासले आणि मशीनचा स्पंज नळाखाली धरून पांढराशुभ्र होईपर्यंत पिळला. माय मागे उभी होती. "काहून इतकं घासून राहिली वं? ते विरजण होय त्यांचं."

मी म्हटलं, "माय, मी सायन्स शिकवते. तुले नाही समजत त्यातलं."

मॅडमनी टाकीचं कौतुक केलं. तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मोली आडवी तरंगत होती. चार गप्पीही गेल्या होत्या. उरलेल्या दोन वर येऊन तोंडं उघडत होत्या. माय रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं मेलेले मासे एका वाटीत घेतले, खाली जाऊन तुळशीच्या कुंडीजवळ मातीत पुरले. वर येऊन कापडी पिशवी काढली आणि आपली पातळं घडी करून भरायला लागली. "उद्या मले कुहीच्या बसमध्ये बसवून दे."

मी भाऊंच्या दुकानात पळाले. मनात होतं, तसेच मासे आणायचे, तशीच काळी मोली, आणि बसच्या आधी टाकीत सोडून द्यायची. दुकानात रविवारची गर्दी. मी म्हटलं, "भाऊ, चार गप्पी आणि एक मोली द्या. आणखी पाहिजेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "स्पंज धुतला?"

"हो."

"नळाखाली?"

मी मान हलवली. वाटलं, आता सगळ्यांसमोर माझं बी.एस्सी. निघणार. भाऊंनी हातातली जाळी तिच्या जागी अडकवली आणि विचारलं, "माय कशी आहे?"

"जाते म्हणते गावाला."

त्यांनी हात पुसले आणि शटर ओढायचा आकडा उचलला. पिशवी घेऊन उभं असलेलं एक गिऱ्हाईक ओरडलं, "अहो भाऊ, आमच्या माशांचं काय?"

"तुमचे मासे इथंच आहेत. उद्याही राहतीन," असं म्हणून त्यांनी भर रविवारी दुकान बंद केलं.

घरी आल्यावर ते सोफ्यावर बसले नाहीत. टाकीसमोर फरशीवर बसले. मायची भरलेली पिशवी दाराजवळ होती, ती त्यांनी पाहिली. आपला मळका स्पंज टाकीत पिळत, जणू सहज म्हणून, ते बोलायला लागले. "माय, मी पयल्या वर्षी अख्खं दुकान मारलं."

"कसं?"

"मच्छर चावून राहिले होते. औषध फवारलं, टाक्यांवर झाकण न लावता. सकाळी शटर उघडलं तं सगळे वर. मी आत गेलोच नाही. दुपारपर्यंत पायरीवर बसून होतो. म्हटलं, आता हे बंद."

"मंग?"

"मंग बायको आली. म्हणे, आता तुम्हाले मारणं समजलं, आता विकाले हरकत नाही."

माय पुढं सरकून उरलेल्या दोन गप्पी पाहायला लागली. भाऊ म्हणाले, "ह्या दोन जित्या आहेत अजून. रोज थोडं पाणी बदला लागते, तीन हप्ते. कोणीतरी ध्यान देणारं पाहिजे." मग माझ्याकडे बोट केलं. "ह्या मॅडमच्या भरवशावर सोडून जाता का?"

मायनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हे पोरगी तं धुवूनच टाकीन," ती म्हणाली. आणि पदर खोचून बादली आणायला गेली.

ती पिशवी दोन दिवस दारातच होती. मग मायनंच पातळं परत कपाटात ठेवली. पुढं त्याच पिशवीत ती रस्त्यावरची बदामाची पानं गोळा करून भाऊंच्या दुकानात नेऊन द्यायला लागली. भाऊंनी तिच्यासाठी एक स्टूल ठेवलं. नव्या गिऱ्हाइकाला 'आधी पाणी आणा' हे भाऊंच्या आधी तीच सांगायची. मी मात्र त्या दिवसापासून पोरांना नायट्रोजन चक्र शिकवायला फळ्याच्या आधी मळका स्पंज वर्गात नेते.

गेल्या वर्षी भाऊंचं दुकान असलेली इमारत पाडायचं ठरलं. भाऊंची बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती, गुडघे थकले होते, खाप्याहून त्यांचा मोठा भाऊ बोलावत होता. एका मोठ्या दुकानवाल्यानं सगळे मासे एकदम मागितले. भाऊंनी त्याचं दुकान जाऊन पाहिलं आणि नाही म्हणून परत आले. मग दोन महिने लावून त्यांनी एकेक मासा विश्वासाच्या घरी पोचवला.

निघायच्या आधी ते आमच्याकडे जेवायला आले. मी स्वयंपाकघरात भेंडी चिरत होते. बाहेर माय आणि ते टाकीसमोर बसले होते. भाऊंचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "माय, खाप्याले जाऊन मी करू काय? भाऊ-वहिनी चांगले आहेत. पण सकाळी उठून पाहू कोणाले?"

माय म्हणाली, "पयले पयले रडू येते. सकाळी नाही येत. दुपारी येते, सगळे कामाले गेले का. तवा आत बसाचं नाही गा भाऊ. दारात बसाचं. भाजीवाला आला तं वांगे कसे दिले, विचाराचं. घ्याचे नसले तरी."

"किती दिवस?"

"मले सहा महिने लागले. तुम्ही पुरुष माणूस, तुम्हाले जास्त लागतीन."

भाऊ हसले. माझ्या हातातली भेंडी तशीच राहिली. ते सहा महिने मी रोज पाचला घरी यायची, "जेवली का वं माय?" विचारायची, ती "जेवली" म्हणायची, आणि मी वह्या तपासायला बसायची. तिचं तोंड तेव्हा नेहमी नुकतं धुतलेलं असायचं. मला वाटायचं, किती टापटीप राहते माझी माय.

भाऊ दुसऱ्या दिवशी खाप्याला गेले. तेव्हापासून मधल्या सुट्टीत मी दोन फोन करते, एक घरी, एक खाप्याला. बोलायला रोज काही असतंच असं नाही. मग मी भाजीचे भाव विचारते.