मायच्या तोंडावरचा उजेड

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही भूकंपावरची ती जुनी अ‍ॅनिमेशन फिल्म मला दाखवलीत. शेवटी आईचं नाव वाचून "आजी, लाइटिंग किती भारी!" म्हणालात. मागे बसलेली तुमची आई उठून गेली. ती सांगणार नाही, म्हणून मी लिहिते आहे.

लातूरच्या एका कोचिंग क्लासने ती जाहिरातीसाठी करून घेतली होती. ढिगाऱ्यातून काढलेली मुलगी क्लास लावते आणि डॉक्टर होते, एवढीच गोष्ट. काम नांदेडच्या एका छोट्या स्टुडिओत चाललं होतं. प्रकाशयोजना तुमच्या आईकडे होती. इंग्रजी निवेदन तपासायला मला, तिच्या सासूला, बोलावलं होतं.

आधी संगणकावरच्या दृश्यातला दिवा जरा सरकवला तरी नवं चित्र दिसायला तासन्‌तास लागत. नव्या सॉफ्टवेअरमध्ये दिवा ओढला की कच्चं चित्र लगेच उजळायचं. ढिगाऱ्याच्या दृश्यात तुमच्या आईने एकच बॅटरी ठेवली होती. दगडांच्या फटीतून येणारा झोत, त्यात मुलीच्या मेलेल्या मायचा हात, बाकी काळोख. लहानपणी ती स्वतः अशीच अडकली होती, आईचा हात धरून.

क्लासचे मालक आले. "ताई, काहीच दिसंना की."

"पहाटेचा अंधार होता, सर."

"पोरांच्या मायबापांना रडू आलं पाहिजे. मायच्या तोंडावर मारा उजेड."

तिने दिवा थोडा सरकवला.

"अजून. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन होतं न्हाई का? कपाळाला गुलाल लावा, उठून दिसतंय."

स्टुडिओवाला हसत म्हणाला, "सर, ह्या भूकंपातल्याच हायत. ह्यांची माय तिथंच गेली."

मला वाटलं, आता तरी ते गप्प बसतील. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मंग तुम्हीच सांगा की, तोंड कसं दिसत होतं?"

"दिसलं नाही, सर."

"मंग मी दाखवतो."

त्यांनी माउस हातात घेतला. डावीकडून, वरून, हनुवटीखालून दिवा फिरवत राहिले. प्रत्येक वेळी ते मेलेलं तोंड नव्याने उजळत होतं. "ही तर मेकअप करून मेली!" ते म्हणाले. सगळे हसले. पूर्वीसारखं ताटकळावं लागलं असतं, तर मालक कंटाळून निघून गेले असते. शेवटी सोनेरी ऊन पसंत पडलं. तुमच्या आईने तसंच पूर्ण करून दिलं.

घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "आई, डोळे मिटले की तेच तोंड येतंय. माझ्या आईचं आठवतच नाही."

तिच्या माहेरचा एकही फोटो ढिगाऱ्यातून निघाला नाही. ती फिल्म तेवढी आहे. प्रवेशाच्या दिवसांत क्लासवाले अजून दाखवतात.