जॉबरकाकांचा पोचलेला अर्ज

सरकारला आमच्या जॉबरकाकांइतके सल्ले दुसऱ्या कुणी दिले असतील असं मला वाटत नाही, आणि सरकारनं त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाकडे दुर्लक्ष केलं असेल असंही वाटत नाही. लिंबायतमध्ये ते आमच्या खालच्या खोलीत राहतात. उभी हयात कापडाचे माग दुरुस्त करण्यात गेली, म्हणून जॉबर. नाव विचारायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. यंत्र दिसलं की कान लावून त्याची प्रकृती सांगायची त्यांना खोड आहे. आमचा मिक्सर दिवाळी बघणार नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. तो दसऱ्यालाच गेला, आणि काका वाटीभर चटणी घेऊन समाचाराला आले.

यंत्रांखालोखाल त्यांचा जीव अर्जांत. भेस्तानला गाडी मिनिटभर जास्त थांबावी, पर्वत पाटियाच्या चौकात म्हाताऱ्यांसाठी वेगळा सिग्नल असावा, शाळेची घंटा पितळेचीच असावी, असे कितीतरी अर्ज मी त्यांना लिहून दिलेत. मी मराठी शाळेतला मास्तर, अक्षर बरं, त्यामुळे सुटका नाही. ते सांगणार अहिराणीत, मी लिहिणार पुस्तकी मराठीत, आणि अर्ज तसाच दिल्लीला जाणार. उत्तर एकाचंही आलं नाही. तरी खाली 'आपला नम्र' ते कधी घालू द्यायचे नाहीत. "नम्र कशाले? आपण काय भीक मांगी राहिनूत का?"

मागच्या महिन्यात टीव्हीवर चर्चा लागली. एक मोठी मोटार कंपनी डबघाईला आलेली, आणि सरकारनं पैसे ओतून तिला सावरावं की नाही, यावर भांडण. काका तरातरा वर आले. त्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी सांभाळलेले माग हातोड्यानं फुटून भंगारात गेले होते. तेव्हा कुणी फिरकलं नव्हतं. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं, 'मोटारवाल्यांना जनतेचा एक पैसाही देऊ नये. आमचे माग फुटले तेव्हा सरकार कुठे होतं?' मलाही ते पटलं होतं, म्हणून मी पदरची दोन झणझणीत वाक्यं घातली. हा अर्ज साध्या टपालानं नको, असं ठरून स्पीड पोस्टनं गेला.

पाचव्या दिवशी त्यांच्या मुलीचा फोन आला. जावई रबराच्या कारखान्यात आहेत, एवढंच काकांना ठाऊक होतं. "आमचे जावई रबर लाइनमध्ये" असं ते ऐटीत सांगायचे. ते सगळं रबर त्याच कंपनीच्या मोटारींच्या दारांना बसतं, हे आता कळलं. कंपनी बुडाली तर रबराला गिऱ्हाईक नाही, जावयाला काम नाही, आणि मुलीला सातवा महिना.

दुसरा कुणी असता तर जावयाची काळजी करत बसला असता. काकांना वर आणखी एक धास्ती होती. सरकार आता अर्ज वाचेल, आणि नेमका हाच ऐकेल. मी म्हटलं, आजवर एक तरी ऐकलाय का? ते म्हणाले, "सर, माग बी असाच. दिवसभर बंद राहतो, नि आपण आत हात घातला की चालू होतो."

आम्ही तडक पोस्टात गेलो. अर्ज परत मिळेल का, असं त्यांनी तीनदा विचारलं. खिडकीतल्या बाईंनी संगणकात बघून हसून गुजरातीत सांगितलं, "काका, कागळ तो पहोंची गयो." जन्मभर ज्या वाक्याची वाट पाहिली ते ऐकून काकांनी अर्ज परत मिळेल का असं चौथ्यांदा विचारलं. मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली, कारण ती दोन झणझणीत वाक्यं माझी होती.

संध्याकाळी नवा अर्ज लिहायला बसलो. काका म्हणाले, "लिखा, सर. आम्हना टाइमले कोनी उनं नही. म्हनीसन यासना टाइमले बी येऊ नका, असं मी लिखं. ते माले लिखाले नको व्हतं."

मी ते पुस्तकी मराठीत उतरवलं, 'आमच्या वेळी कुणी आलं नाही म्हणून यांच्याही वेळी येऊ नका असं मी लिहिलं, ते लिहायला नको होतं.' मालकांचे खिसे भरू नका, पण कामं चालू राहतील असं काहीतरी करा, एवढं त्यांनी पुढे सांगितलं. ते कसं करायचं, हे त्यांना सुचेना आणि मलाही सुचेना. शेवटी सवयीनं नुसतं 'आपला' लिहून मी कागद सहीसाठी पुढे केला.

त्यांनी पेन घेतलं नाही.

"नम्र घाला, सर," ते म्हणाले.

मी घातलं. त्यांनी चष्मा लावून तो शब्द कुठे आहे ते मला बोटानं दाखवायला लावलं, आणि मगच सही केली.