सातवा ओढा

"घड्याळाला भाऊबंद नसतात," हे वेळवाल्या काकांचं ठरलेलं वाक्य. साऱ्या देशांचे लोक जिथे जमतात त्या सभागृहात बोलणाऱ्याची तीन मिनिटं मोजायची, मग लाल दिवा लावून माईक बंद करायचा, हे त्यांचं काम. थोरल्या देशाचा राजदूत असो की धाकट्याचा, काटा एकच.

ते नोकरीला लागले त्याच वर्षी तिथे करार लिहिला गेला, की आदिवासींना हळूहळू इतरांसारखं करून टाकावं. लिहिताना डोंगरातलं कुणी खोलीत नव्हतं. होते ते एकटे काका, आणि त्यांनी तोंड शिवलेलं. लहानपणी त्यांनाही 'इतरांसारखं' करायला वसतिगृहात नेलं होतं. झालेही ते. पुढे वारं फिरलं. नवा करार म्हणाला, आदिवासींच्या जमिनीला हात लावण्याआधी त्यांना विचारा. मग वर्षातून एकदा त्यांना बोलावू लागले. प्रत्येकी तीन मिनिटं.

एका वर्षी काकांचे सख्खे मामा आले. खोऱ्यात धरण होणार होतं. ते थांबवा, एवढंच सांगायचं होतं, आणि मागण्यांचा अहवाल त्याच दिवशी बंद होणार होता.

चहाच्या टेबलापाशी मामांनी भाच्याला ओळखलं. "नाक माझ्या बहिणीचंच. कोट छान आहे हो भाचेबुवा. आतला माणूस कुठे ठेवलात?"

"मामा, आज ओढे मोजत बसू नका. थेट धरणावर या."

"सात ओढ्यांची नावं घेतल्याशिवाय मागणं मागायचं? दार न वाजवता कुणाच्या घरात शिरतोस का तू?"

मामा बोलायला उभे राहिले. एकेका ओढ्याचं नाव, त्याच्या काठी पुरलेली माणसं. सगळं सावकाश. सहावा ओढा झाला आणि तीन मिनिटं भरली. सातवा काकांच्या आईचा. त्याचं नाव काकांच्या डोक्यातून वसतिगृहात कधीच पुसलं गेलं होतं, ते आता कानावर येणार होतं. शेजारी नोंदी लिहिणाऱ्या बाईंनी पेन थांबवून काकांकडे पाहिलं. अर्धं मिनिट दिलं असतं तर आभाळ कोसळणार नव्हतं.

काकांनी बटण दाबलं.

बाईंनी लिहिलं, 'वक्त्यांनी अभिवादन केले.' धरण झालं.

मामा भांडले नाहीत. जाता जाता एवढंच म्हणाले, "हात जरासुद्धा थरथरला नाही रे. चांगलं शिकवलं त्यांनी." सातव्याचं नाव विचारायला काकांना तोंड उरलं नव्हतं.

'घड्याळाला भाऊबंद नसतात' हे वाक्य पुन्हा त्यांच्याकडून कुणी ऐकलं नाही. नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी घड्याळ बाईंच्या हातात दिलं आणि पायऱ्या उतरता उतरता बोटांवर काहीतरी मोजायला लागले. सहापर्यंत यायचे, थांबायचे, पुन्हा पहिल्यापासून. फाटकाबाहेर दिसेनासे होईपर्यंत बाई काचेआडून बघत राहिल्या.